पुढची सीट मिळणार नाही

…नाही साहेब, ती मिळणार नाही. मागची दोन्ही बाकं तुमची. आडवे व्हा, मांडी घालून बसा, टपाची झडप उघडून डोकं बाहेर काढा — वरून जळू पडली तर माझ्या नावानं ओरडायचं नाही — पण पुढची ही सीट माझी. जाहिरातीत लिहिलंय? माहितीये मला काय लिहिलंय ते. ‘पुढच्या काचेतून उलगडत जाणारं घनदाट जंगल.’ आणि वर फोटो. तो फोटो ह्याच गाडीचा, ह्याच सीटवरून काढलेला, आणि काढला तेव्हा गाडी उभी होती. इंजिन बंद. मी खाली उतरून काचेवरचे किडे पुसत होते. फोटो नीट बघा, कोपऱ्यात पिवळं फडकं दिसतंय ना? त्या फडक्यामागे मी. फोटोवाला म्हणाला, बाई, जरा बाजूला व्हा. झाले. गाडी सुरू झाल्यावर त्याला म्हटलं, आता तू हो.

काय? मोठ्यानं बोला हो जरा, इंजिन बघा किती ओरडतंय — हां, खिडकी. मग खिडकीतून काय कमी दिसतं? ती बघा, डाव्या हाताची झाडं. मुळं कशी भिंतीसारखी उभी राहिलीत, माणूस लपेल अशी. एकदा पुढे दरड आली होती तेव्हा दोन मुळांच्या बेचक्यात आम्ही अख्खी दुपार काढली, पाहुण्यांसकट, वर प्लास्टिक ताणून. आणि झाडावर नेचे, नेच्यांवर शेवाळ, शेवाळावर ते लाल फूल — एकमेकांच्या अंगाखांद्यावर बसल्याशिवाय इथे कुणाचं चालतच नाही. दिसलं? गेलं बघा. तुम्ही सीटकडे बघत होतात.

मॅनेजरला फोन करणार? करा की. इथे रेंज नाही. नदीच्या धक्क्याच्या जरा अलीकडे येईल, तिथे करा, तोवर राग पुरवून ठेवा. आणि करणारच आहात तर नीट माहिती घेऊन करा — ह्याआधी दोन तक्रारी झाल्यात माझ्या. तिसरी झाली की ही फेरी आमच्याकडून काढून दुसऱ्या गाडीला देणार. स्वच्छ सांगितलंय त्यानं. मला मावशी म्हणतो, आणि मावशी मावशी म्हणत केसानं गळा कापतो. सकाळी तुमची बॅग टपावर चढत होती तेव्हा मला बाजूला घेतलं. मावशी, आजच्या पाहुण्यांना पुढे बसू द्या, त्यांनी त्या सीटचे वेगळे मोजलेत. मी म्हटलं, घेताना मला विचारलं होतंस? तर म्हणतो, मावशी, फेरी गेली तर खाल काय? म्हटलं, तुझं डोकं. थोडंच आहे, पण पुरवून खाऊ.

हसलात. बरं झालं. पण सीट तरीही नाही.

पहिली तक्रार एका शिक्षिकाबाईंची. म्हणे ड्रायव्हरची बायको फार बोलते, जंगलाची शांतता ऐकू देत नाही. अहो, शांतता ऐकायची तर गाडीत कशाला बसलात, चालत जा! दुसरी एका जोडप्याची. नवं नवं लग्न, मागच्या बाकावर एकमेकांना असे चिकटलेले की मधून कागद जायचा नाही — आणि त्यांनी लिहून दिलं की बाई सगळा वेळ नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसते, या वयात हे बरं दिसत नाही. आता बोला! रंग त्यांनी उधळायचे आणि लाज मी धरायची. हो, ठेवते हात. तुम्हीसुद्धा मघापासून तिकडेच बघताय, आरशात दिसतंय मला. बघा खुशाल. नवरा माझा, गुडघा त्याचा, हात माझा, मॅनेजरचं त्यात काय —

थांबा.

—

हं. चला. काय सांगत होते?

नाही, राग नाही आला, वळण होतं. वळणाला मी बोलत नाही. भीती? भीती वाटली असती तर ह्या रस्त्याला केस पांढरे करायला आले असते का? नियम आहे आमचा, वळणाला गप्प. इथल्या सगळ्या वळणांना नावं आहेत, ड्रायव्हर लोकांनी ठेवलेली. आत्ता गेलं ते जांभईचं, जेवून निघालं की तिथे हमखास डोळे मिटतात. पुढचं सासूचं — येतंय येतंय म्हणेपर्यंत समोर उभं. आणि धक्क्याच्या अलीकडचं शेवटचं, त्याला कुणी गमतीचं नाव ठेवलेलं नाही. त्याला नुसतं कातळ म्हणतात.

का बसायचंय मला पुढेच? मागे बसले की उलटी होते. झालं समाधान? लहानपणापासून होते. आणि लग्नातच ठरलं होतं आमचं — जिथे गाडी तिथे मी, आणि मी म्हणजे पुढे. काय? मघाशी उलटी म्हणाले, आता लग्न म्हणाले — मग? एका बाईला दोन कारणं असू शकत नाहीत? तुम्हाला सीट हवी त्याला एक तरी धड कारण आहे का? फोटो काढायचेत! जंगल तुमच्या फोटोसाठी खोळंबलंय होय.

त्यांना विचारताय? त्यांना नका विचारू, गाडी चालवताना बोलत नाहीत ते — अहो! अहो, खांद्याला हात लावू नका! चालवणाऱ्याला मागून असा हात लावतात का? दचकतात ते. बसा. मागे टेकून बसा. काय सांगायचं ते मला सांगा. खांदाच हलवायचा असेल तर माझा हलवा, माझ्या हातात स्टिअरिंग नाही.

गर्विष्ठ नाहीत हो. सगळ्यांना वाटतं तसं. ड्रायव्हर लोक ह्यांना मुनी म्हणतात, मला भोंगा. मुनी आणि भोंगा आले, म्हणतात. धक्क्यावर उतरलो की चहावाला ह्यांच्यापुढे मुकाट कप ठेवतो आणि मला म्हणतो, बोल भोंग्या, आज काय बातमी. मुनी नाव कसं पडलं ते ऐका. आजवर एकदाच मी गाडीत नव्हते. मुलीचं बाळंतपण होतं, मी तिकडे दवाखान्यात. जाऊ नका म्हटलं होतं ह्यांना, चार दिवस गाडी उभी राहिली तर गंजणार नाही. पण माणूस घरात बसेल तर शपथ. निघाले एकटेच, रिकामी गाडी घेऊन. आता हा रस्ता तुम्ही बघताय — एका वेळी एकच गाडी मावते, दोन्हीकडे पानांची भिंत, पलीकडून काय येतंय त्याचा दिवासुद्धा दिसत नाही. म्हणून वळणाआधी हॉर्न द्यायचा. पलीकडच्यानंही द्यायचा. आणि ज्याच्या गाडीत वजन कमी, त्यानं बाजूला घेऊन थांबायचं, कारण ओंडक्यांनी भरलेली लॉरी उतारावर थांबत नाही, तिला कितीही वाटलं तरी. तर सासूच्या वळणावर वरून लॉरी येतेय. हॉर्न देतेय, देतेय, जीव खाऊन देतेय, अख्खं रान दणाणलं असेल, आणि हे आपले शांतपणे वर चढतायत, ह्यांना पत्ताच —

म्हणजे, लक्ष नव्हतं ह्यांचं. मुलीची काळजी होती ना डोक्यात. नसतं एखाद्या वेळी माणसाचं लक्ष, तुमचं असतं सदान्‌कदा? — तर ऐन वेळी हिरव्यात काहीतरी पिवळं हललं म्हणून ह्यांनी गाडी नेच्यांत घातली. लॉरी आरसा उडवून गेली, खाली जाऊन कशीबशी थांबली. लॉरीवाला उतरला तो शिव्या देतच. आईबापापासून जो सुरू झाला तो खापरपणजोबापर्यंत पोचला, आणि हे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. हसत! त्याला वाटलं, एवढ्या शिव्या खाऊन हसणारा हा कुणी साधा माणूस नाही. पायाच पडायचा बाकी होता. तेव्हापासून मुनी.

काय? … काय म्हणालात? परत म्हणा.

…

हो. ओळखलंत. आता तोंड मिटा, माशी जाईल. नाही ऐकू येत त्यांना. एका कानानं मुळीच नाही, दुसऱ्यानं आभाळ कोसळलं तर थोडंफार. हॉर्न ते देतात, पण तो वाजला हे त्यांना स्टिअरिंगच्या थरथरीतून कळतं. इंजिनाचं दुखणं पायातून कळतं — माझ्या कानाआधी त्यांच्या तळव्याला. फक्त पलीकडून काय येतंय तेवढं राहतं. ते माझ्याकडे. एकदा थोपटलं की पलीकडे गाडी आहे, हळू. दोनदा थोपटलं की थांबा, आत्ता, आहे तिथे. तळवा गुडघ्यावरून पुढे फिरवला की रस्ता मोकळा, चला. एवढंच. त्या नव्या जोडप्याला जे दिसलं ना, ते हे. माझ्याही मनात आलं होतं सांगावं त्यांना — बाळांनो, तुम्ही मागे गुलुगुलु करत होतात ना, त्या वेळी तुमचे दोघांचे जीव ह्या हातात होते.

थांबा. सासू.

—

—

मोकळं आहे. बघा, फिरवला हात. बघितलंत? कसे सुटले. आता तुम्हाला माहितीच आहे म्हणून दाखवते, नाहीतर खूण करताना मी हातावर पदर टाकते.

जन्मापासून? छे हो. लग्नात सनईवाल्याचा एक सूर चुकला तो ह्यांनी मला कानात सांगितला होता. हा रस्ता नव्हता तेव्हा. इथे पायवाट होती आणि पुढे कातळ. तो फोडायला माणसं भरती केली, त्यात हे. सुरुंगाच्या टोळीत. भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची, पळायचं. कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे. मुकादम म्हणायचा, मर्द आहात की बायका? मर्द होते बिचारे. संध्याकाळी घरी यायचे, मी हाक मारायची, हे भिंतीकडे बघत बसलेले. मला वाटायचं दमलेत. मग वाटायला लागलं रुसलेत. किती तरी दिवस मी त्या रुसण्याशी भांडले, काय केलंय मी सांगा तरी म्हणून, आणि हे माझ्या ओठांकडे बघतायत, बघतायत, आणि शेवटी म्हणतात — हळू बोलतेस तू हल्ली.

रस्ता झाला. मोठी माणसं येऊन फीत कापून गेली. आणि ह्यांनी ही गाडी घेतली, जुनी, कुणाची तरी टाकून दिलेली, आणि मला म्हणाले, ज्या रस्त्यानं कान नेले त्याच रस्त्यावर पोट भरणार मी, दुसरीकडे जाणार नाही. मी म्हटलं वेडे झालात काय, हॉर्न कोण ऐकेल? तर म्हणाले, तू. डोळे माझे, कान तुझे, दोघांत मिळून एक ड्रायव्हर होतो की. त्यावर काय बोलणार? चढले गाडीत. ती अजून उतरले नाही.

घोटाळा? कसला घोटाळा? शब्द जपून वापरा. खरचटलंय का आजवर एका तरी पाहुण्याला? त्या दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर, ज्याला ही फेरी द्यायला मॅनेजर टपलाय, तो एका हातानं फोन आणि एका हातानं चाक — दोन्ही कान शाबूत, आणि गेल्या पावसाळ्यात नाल्यात. त्याला कुणी विचारलं नाही तू ऐकतोस का. ऐकू येणं निराळं आणि ऐकणं निराळं, साहेब.

मग सांगून का टाकत नाही मॅनेजरला, असं ना? सांगते की. काय होईल? अरेरे मावशी, म्हणेल. फार वाईट वाटलं मावशी, म्हणेल. आणि संध्याकाळच्या आत काचेवरचा त्याच्या कंपनीचा कागद खरवडून नेईल. म्हणून त्याला तक्रारी जाऊ देत. बडबडी म्हणा. संशयी म्हणा — तेही म्हणतात, नवऱ्याला मिनिटभर मोकळं सोडत नाही म्हणे, कोणती अप्सरा बसलीये ह्या जंगलात कोण जाणे. निर्लज्ज म्हणा, हटवादी म्हणा, सीट अडवून बसलेली म्हातारी म्हणा. सगळी नावं मी घेते, हौसेनं घेते, मिरवते. ह्यांच्याकडे बघून कुणी अरेरे म्हणायचं नाही, बस. तेवढ्यासाठी मी कुणाशीही भांडेन. तुमच्याशी तर सहज.

ते काय बघतायत आरशात? तुमचं तोंड बघतायत. ओठांवरून नाही कळत मागच्यांचं, पण राग कळतो. तुमचा उतरलाय, म्हणून ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले बघा.

अजून बसायचंय पुढे? या. खरंच या. गाडी थांबवते, मी मागे जाते, आडवी होते, मजेत. तुम्ही इथे बसा, ह्यांच्या गुडघ्यावर हात ठेवा आणि ऐका. पावसाचा आवाज वेगळा काढा, ओढ्याचा वेगळा, किड्यांची किरकिर वेगळी. धनेश पक्षी उडाला की पंखांचा असा आवाज येतो की वाटतं गाडीच आली — तो वेगळा. आणि त्या सगळ्याच्या तळाशी, लांब, वळणाच्या पलीकडे, लॉरी चढावर गिअर बदलते तेवढं एक धरा. मग काढा फोटो, दुसऱ्या हातानं. येताय? … नाही ना. नका येऊ. चांगलं आहे, माणसाला स्वतःचं कळावं.

माझे? माझ्या कानांना काय धाड भरलीये? मुलीचं डोक्यात शिरलंय का तुमच्याही — ती म्हणते, आई, बाबांचं राहू दे, हल्ली तूच दोनदा काय काय विचारतेस, टीव्ही किती मोठा लावतेस, शेजारी विचारतात कुणी ऐकत नाही का घरात. म्हटलं, शेजाऱ्यांना फुकट ऐकायला मिळतं म्हणून रडतात. म्हणे तपासून घे. कशाला? तपासलं की काहीतरी निघतंच. न तपासलेल्या माणसाला काही झालेलं नसतं. मी जांभईचं वळण ऐकलं की नाही? सासू ऐकली की नाही? मग? मोकळं होतं म्हणता? मोकळंच होतं. मोकळं होतं हे ऐकावंच लागतं ना! दोनदा काय विचारलं असेल मघाशी, ते तुम्ही पुटपुटता म्हणून. शहरातली माणसं सगळी पुटपुटतात.

काही नाही झालेलं मला. मी नाही ऐकलं तर कोण ऐकणार?

…

नका बघू असं. बाहेर बघा. धुकं बघा कसं चढतंय झाडांवरून, नदी जवळ आली. हे इथून पुढे मला सगळ्यात आवडतं — वेली बघा, मनगटाएवढ्या, आणि मधूनच पिवळी फुलपाखरं ओल्या मातीवर बसलेली, गाडी गेली की सगळी एकदम उठतात. हे तिथे न चुकता हळू करतात. सांगावं लागत नाही. ते त्यांना दिसतं ना. … उठली! बघितलीत? आता काढलात ना फोटो? खिडकीतून आला की नाही? उगाच भांडत होतात.

तो काळा खडक दिसतोय, पाणी झिरपणारा? ते कातळ. तिथे शेवटचा सुरुंग ह्यांनी लावला. वळसा घालून पलीकडे गेलं की धक्का. तिथे आता — वाजला बघा तुमचा फोन. आली रेंज. मॅनेजरच असणार, दुसरं कोण. पाहुणे खूश आहेत ना, पुढे बसवलं ना मावशीनं. घ्या. सांगा त्याला काय सांगायचं ते. मी मधे पडणार नाही. खोटं बोला असंही म्हणणार नाही, हात जोडणार नाही, मला येत नाही ते. उचला. उचला ना —

नको. आत्ता नको, वळण आलं. बंद करा तो. अहो बंद करा, मला काही ऐकू येत नाहीये त्याच्या — काहीच ऐकू —

…

बंद केलात? कापलात? बरं.

गप्प आता.

—

—

काय आहे? खांद्यावर का — दोनदा? दोनदा! —

—

थांबले. थांबले हो, लागला ब्रेक. आली बघा. केवढे ओंडके. जाऊ दे तिला, जाऊ दे. आरसा आत घ्या. … गेली.

…

अहो, ह्यांना काय खुणावताय, ते मला विचारतायत डोळ्यांनी, उशीर का केलास म्हणून. सांगते मी त्यांना काय ते. आणि ऐकलं होतं मी. तुमच्या आधी ऐकलं होतं, हात उचलतच होते. मधे मधे करायची सवय असते एकेकाला.

बसा मागे. सीट नाही मिळणार. — नाही, एवढं मागे नको. जरा पुढे सरका, बाकाच्या कडेला. अजून. माझ्या खांद्याला हात पुरला पाहिजे. पुरतो? मग तिथेच बसा, परतीच्या वाटेलाही.

आणि पुरे झालं आता बोलणं.